एका पॉइंटचा हिशोब

१ जानेवारी २०२३. रविवार. सकाळचे साडेदहा. अख्खं पुणं थर्टी फर्स्टच्या जागरणातून उठू की नको, या विचारात लोळत पडलेलं. आणि मी? मी कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये, अंगात लाल जर्सी, मांडीवर गार झालेल्या पोह्यांची बशी, टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेला. शेजारी बाबा. त्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरगा सकाळी साडेसहापासून किंचाळतोय म्हणजे काहीतरी गंभीर असणार, म्हणून पेपर बाजूला ठेवून ते बसले होते.

तिकडे अटलांटामध्ये तेव्हा रात्रीचे बारा वाजत होते. स्कोअर जॉर्जिया ४२, ओहायो स्टेट ४१. आमच्या, म्हणजे ओहायो स्टेटच्या नोआ रगल्सने ५० यार्डांवरून किक मारली. आत गेली असती तर आम्ही ४४-४२ ने जिंकून नॅशनल चॅम्पियनशिपच्या फायनलला गेलो असतो. वर्ष बदलत असताना बॉल हवेत होता. आणि तो डावीकडे गेला. थोडाथोडका नाही, चांगलाच डावीकडे.

माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते आईने स्वयंपाकघरातून ऐकले. वर्षाच्या पहिल्याच दिवशी! पुढच्या मिनिटाला मी आमच्या कोलंबसच्या मित्रांच्या ग्रुपवर त्या पोराबद्दल एक मेसेज टाकला. काय टाकला ते इथे छापता येणार नाही. वीस जणांनी त्यावर हसण्याचे स्मायली टाकले.

बाबा मात्र स्क्रीनकडे बघत एवढंच म्हणाले, "बिचाऱ्याचा चेतन शर्मा झाला रे."

ते वाक्य डोक्यात अडकलं. इतकं, की पुढच्या आठवड्यात मी ती मॅच आणखी तीन वेळा पाहिली, वही-पेन घेऊन. आयटीत आम्ही ज्याला आरसीए म्हणतो, रूट कॉज अ‍ॅनालिसिस, ते केलं. हा लेख म्हणजे तोच रिपोर्ट समजा.

आधी थोडं बॅकग्राउंड

मी २०१४च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गेलो. गाव कोलंबस. सामानात कुकर, गोडा मसाला आणि क्रिकेटची बॅट. अमेरिकन फुटबॉलबद्दल माहिती शून्य. "हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडतात तो खेळ", इतकीच.

पहिली मॅच पाहिली सप्टेंबरमध्ये, व्हर्जिनिया टेकविरुद्ध. स्टेडियमचा आकार घोड्याच्या नालेसारखा, म्हणून त्याला लाडाने 'हॉर्सशू' म्हणतात. एक लाखाहून जास्त माणसं. एका कॉलेजच्या मॅचला! आपल्याकडे वानखेडेत तेहतीस हजार मावतात, म्हणजे तिप्पट. मॅचआधी कॉलेजचा बँड मैदानावर चालत चालत 'ओहायो' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि शेवटी एक जण भलंमोठं सूझाफोन घेऊन ऐटीत जाऊन 'आय'वरचा टिंब बनतो. लाख लोक त्या टिंबासाठी ओरडतात. मी आयुष्यात कुठल्या टिंबासाठी ओरडेन असं वाटलं नव्हतं. ओरडलो.

ती मॅच आम्ही ३५-२१ अशी हरलो. पण त्याच सीझनमध्ये, १२ जानेवारी २०१५ला, ओरेगॉनला ४२-२० असं हरवून नॅशनल चॅम्पियन झालो. त्या थंडीत हाय स्ट्रीटवर नाचलेला प्रत्येक जण आयुष्यभरासाठी कामातून जातो. मीही गेलो. आता रस्त्यात कोणी 'ओ-एच' असं ओरडलं तर माझ्या तोंडून आपोआप 'आय-ओ' निघतं. एकदा मुंबई विमानतळावर, इमिग्रेशनच्या लाइनमध्ये निघालं होतं.

आणि हो, मिशिगन. आमचा पक्का शत्रू. त्यांचं नाव घ्यायचं नसतं, 'तो वरचा संघ' म्हणायचं, कारण नकाशात ते आमच्या वर. त्यांच्या मॅचच्या आठवड्यात कॅम्पसमधल्या पाट्यांवरच्या 'एम' अक्षरांवर लाल फुल्या मारलेल्या असतात. म्हटलं ना, वेडे लोक.

नवख्यांसाठी दोन मिनिटं

नाव फुटबॉल, पण पायाचं काम फार कमी. मैदान शंभर यार्डांचं. बॉल तुमच्याकडे असला की चार संधी मिळतात, त्यांना 'डाउन' म्हणायचं. चार डाउनमध्ये दहा यार्ड पुढे गेलात की पुन्हा नव्या चार संधी. बॉल समोरच्याच्या हद्दीच्या शेवटच्या पट्ट्यात नेलात की टचडाउन, सहा पॉइंट. त्यानंतर छोटी किक मारून एक जादा पॉइंट, किंवा धाडस करून दोन. टचडाउन जमत नसेल तर लांबून खांबांच्या मधून किक मारा, म्हणजे फील्ड गोल, तीन पॉइंट. आणि चौथ्या डाउनला काहीच जमण्यासारखं नसेल तर बॉल लांब मारून समोरच्याला देऊन टाकायचा, तो 'पंट'. एवढं पुरे.

तेव्हा प्लेऑफमध्ये चारच टीम जायच्या. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये वरच्या संघाने आम्हाला घरच्या मैदानावर ४५-२३ असं धुतलं होतं. सगळं संपलं असं वाटत असताना डिसेंबरमध्ये यूएससीची टीम युटाहकडून हरली आणि आम्ही चौथ्या नंबरने, मागच्या दाराने, आत शिरलो. समोर कोण? पहिल्या नंबरची, आदल्या वर्षीची चॅम्पियन जॉर्जिया. मॅचचं नाव पीच बोल. पीच म्हणजे फळ बरं का, खेळपट्टी नव्हे. ठिकाण अटलांटाचं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम. जॉर्जियाचं कॅम्पस तिथून तास-दीड तासावर. म्हणजे त्यांचंच अंगण.

कोणी आमच्यावर दहा रुपयेही लावले नसते. आणि तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही ३८-२४ असे चौदा पॉइंटनी पुढे होतो! त्यात त्या पहाटेच वरचा संघ दुसऱ्या सेमीफायनलमध्ये टीसीयूकडून ५१-४५ असा हरला होता. पहिला चहा घेतानाच मी बाबांना म्हटलं, "हे वर्ष आपलं."

चौथ्या क्वार्टरचा स्कोअर: जॉर्जिया १८, आम्ही ३. घास हातातोंडाशी आला होता. तो नेमका कुठे पडला, ते आता बघू.

कारण एक: रिकामी झालेली जागा

तिसऱ्या क्वार्टरचा शेवट. आम्ही त्यांच्या टचडाउनच्या पट्ट्याजवळ. आमचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड मागून धावून येणाऱ्या राक्षसांना चुकवत चुकवत पट्ट्याच्या मागच्या टोकाला मार्विन हॅरिसन ज्युनिअरकडे बॉल फेकतो. हॅरिसन उडी मारतो आणि त्याच क्षणी जॉर्जियाचा जॅव्हॉन बुलर्ड त्याच्यावर आदळतो. हॅरिसन जमिनीवर. बॉल हातातून निसटलेला.

पंचांनी आधी फाउल दिला, मग व्हिडिओ बघून मागे घेतला. फाउल राहिला असता तर आम्हाला गोलच्या दारात नव्या संधी आणि बुलर्ड मॅचबाहेर. मागे घेतल्यामुळे आम्हाला फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं. सातच्या जागी तीन. आम्ही हरलो एका पॉइंटने, हे लक्षात ठेवा.

त्याहून मोठं नुकसान म्हणजे हॅरिसन परत आला नाही. डोक्याला मार म्हटल्यावर डॉक्टर सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तोपर्यंत त्याने १०६ यार्ड आणि दोन टचडाउन काढले होते. त्याच्यावर लक्ष ठेवायला जॉर्जियाची दोन-दोन माणसं लागत होती. तो गेल्यावर ती माणसं मोकळी झाली. टीममधला सगळ्यात भारी माणूस अचानक सुट्टीवर गेला की बाकीच्यांचं काम कसं होतं, ते तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

कारण दोन: एक टाइमआउट

माझ्या मते मॅच इथे फिरली, आणि हायलाइट्समध्ये हे धड दाखवतही नाहीत. कारण स्कोअरबुकात ही गोष्ट घडलीच नाही!

चौथा क्वार्टर, नऊएक मिनिटं बाकी, स्कोअर ३८-२७. चौथा डाउन, आणि हवा फक्त एक यार्ड. आम्ही आमच्याच हद्दीत. शहाणा माणूस इथे पंट करतो. आमचे कोच रायन डे यांनी पंटचा देखावा करून थेट धावायचा डाव टाकला. डाव जमला! आमचा खेळाडू आरामात एक यार्डाच्या पुढे गेला. मी सोफ्यावर उभा.

पण शिट्टी वाजलेली. जॉर्जियाचे कोच कर्बी स्मार्ट यांनी बॉल हलायच्या जेमतेम आधी टाइमआउट मागितला होता. आमची मांडणी बघून त्यांना वास आला. डाव रद्द. आता पत्ते उघडे पडलेले, त्यामुळे दुसऱ्यांदा आम्ही निमूटपणे पंट केला.

इथे मी तिकडच्या मित्रांशी रात्र रात्र भांडलोय. काही म्हणतात, डेने पुन्हा हिंमत करायला हवी होती. मला तसं वाटत नाही. त्या परिस्थितीत चौथ्या डाउनला दोनदा जुगार खेळून फसले असते तर त्याच लोकांनी त्यांना जिवंत सोडलं नसतं. हा पॉइंट स्मार्ट यांचा. नावाला जागले. हरण्याच्या कारणांमध्ये समोरच्याची हुशारी हेही एक कारण असतं, हे आम्ही फॅन लोक सोयीस्करपणे विसरतो.

कारण तीन: पाय घसरला

पंटनंतर पहिल्याच प्लेला जॉर्जियाच्या स्टेट्सन बेनेटने लांब फेकी केली. एरियन स्मिथच्या मागे धावणारा आमचा लॅथन रॅन्सम. त्याचा पाय घसरला. तो पडला. बस्स, इतकंच. स्मिथसमोर मोकळं मैदान आणि ७६ यार्डांचा टचडाउन. वर त्यांनी दोन पॉइंटची संधीही साधली. ३८-३५.

रॅन्समचं नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो. बरोबर एक वर्ष आधी, १ जानेवारी २०२२ला, युटाहविरुद्धच्या रोज बोलमध्ये या पोराचा पाय मोडला होता. त्यातून बरा होऊन, पुन्हा टीममध्ये जागा मिळवून तो त्या रात्री धावत होता.

कारण चार: सहा मिनिटं आणि फक्त तीन पॉइंट

त्यानंतर आम्ही बॉल घेऊन निघालो आणि घड्याळ खात खात सहाएक मिनिटं काढली. सुरेख. फक्त शेवटी टचडाउन आला नाही. २ मिनिटं ४३ सेकंद उरले असताना फील्ड गोल, ४८ यार्डांवरून. ४१-३५.

हा गोल कोणी मारला? नोआ रगल्सने. होय, त्याच पायाने. आत्यंतिक प्रेशरमध्ये, त्यांच्या अंगणात, ४८ यार्ड. त्याबद्दल मी ग्रुपवर काय टाकलं होतं माहितीये? काहीच नाही. 'ओके' एवढंही नाही. गोल झाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं, त्यात काय मोठंसं.

सहा पॉइंटची आघाडी ही सगळ्यात फसवी. समोरच्याला एक टचडाउन आणि एक साधी किक पुरते. आणि आमचा बचाव तोवर दमलेला. जॉर्जियाने पाच प्लेजमध्ये ७२ यार्ड कापले. ५४ सेकंद बाकी असताना कोपऱ्यात ए. डी. मिचेलने टचडाउन पकडला. ४२-४१. त्या पाच प्लेजमध्ये आमच्या अकरा जणांपैकी कोणीही एकदा नीट आडवा आला असता तर पुढची किक मारायची वेळच आली नसती.

कारण पाच: चोवीस सेकंद

आता स्ट्राउड. या पोरावर दोन वर्षं टीका व्हायची की तो पळत नाही, नुसता उभा राहून फेकतो. त्या रात्री त्याने ३४ पैकी २३ पास, ३४८ यार्ड आणि चार टचडाउन असा खेळ केला. शेवटच्या मिनिटात तर तो चक्क बॉल काखेत मारून २७ यार्ड पळाला. आम्ही जॉर्जियाच्या ३१ यार्ड रेषेवर. २४ सेकंद बाकी. बाबा म्हणाले, "आता?" मी म्हटलं, "आता अजून दहा यार्ड पुढे जायचं, की किक सोपी."

आणि आम्ही काय केलं? पहिल्या डाउनला बॉल धावणाऱ्या डॅलन हेडनच्या हातात दिला. तो एक यार्ड मागे पडला. मागे! नंतर दोन पास, दोन्ही वाया. दहा यार्ड जवळ यायच्या ऐवजी किक एक यार्ड लांब गेली.

डे यांच्या बाजूने बोलायचं तर, समोरचे सगळे पास अडवायला मागे सरले असताना अचानक धावणं हा मूर्खपणा नाही. चार-पाच यार्ड मिळाले असते तर आज मी त्यांना जीनियस म्हटलं असतं. पण तेवढ्या वेळात तीन संधी होत्या आणि त्यातली एक उलटी गेली, हे रेकॉर्डवर आहे.

मग शेवटच्या काही सेकंदांत रगल्स मैदानात आला. पन्नास यार्ड.

शेवटचा माणूस

एवढं सगळं वहीत लिहिल्यावर मी शेवटी 'कारण सहा: किक' असं लिहिलं. आणि पेन थांबलं.

कॉलेजच्या पातळीवर पन्नास यार्डांची किक म्हणजे जवळपास छापा-काटाच. ही काय हातची किक नव्हे. शिवाय आदल्या वर्षीचा तो रोज बोल आठवतोय ना, ज्यात रॅन्समचा पाय मोडला? ती मॅच आम्ही ४८-४५ अशी जिंकलो. नऊ सेकंद बाकी असताना विजयाचा फील्ड गोल मारणारा कोण? नोआ रगल्स. १ जानेवारी २०२२ला हिरो, १ जानेवारी २०२३ला खलनायक. मधे ३६५ दिवस. पोरगा तोच.

हे मी रविवारी जेवताना बाबांना सांगितलं. भात कालवता कालवता ते म्हणाले, "शारजाला आम्ही पण हेच केलं."

१८ एप्रिल १९८६. शेवटच्या बॉलवर चार रन हवे, चेतन शर्माचा फुलटॉस, मियाँदादचा सिक्सर. तेव्हा शर्मा वीस वर्षांचा होता. बाबांच्या चाळीत एकच टीव्ही, त्यासमोर चाळीस माणसं, आणि चाळीसच्या चाळीस जणांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. बाबांनीसुद्धा.

"पण तुला सांगू?" बाबा म्हणाले, "आपण १ बाद २१६ होतो रे. गावसकर ९२, वेंगसरकर ५०. आणि थांबलो २४५ला. त्या वीस-पंचवीस रना कोणी खाल्ल्या, ते कोणी विचारलं नाही. तो शेवटचा होता म्हणून दिसला."

पुढच्याच वर्षी, वर्ल्ड कपमध्ये नागपूरला, न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली. वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक. पण आजही त्याचं नाव घेतलं की लोकांना शारजाच आठवतं. बाबांच्या तोंडून त्या सकाळी तेच तर आलं होतं.

आता माझी गंमत

खरं तर हा भाग लिहायचा नव्हता. पण आरसीए अर्धवट ठेवलेला चालत नाही.

त्याच आठवड्यात, गुरुवारी रात्री, आमच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं. ते फसलं. पहाटे चारला सगळं मागे घ्यावं लागलं. शुक्रवारी, ३० डिसेंबरला, क्लायंटच्या कॉलवर विचारणा झाली, काय झालं? मी टीम लीड. मी म्हटलं, "शेवटची स्क्रिप्ट टीममधल्या ज्युनिअरने रन केली, तिथे एरर आला."

शंभर टक्के खरं वाक्य. कोर्टात टिकेल असं. कॉलवर तो पोरगाही होता, म्यूटवर. काही बोलला नाही. आठ महिने झाले होते त्याला जॉइन होऊन.

जे मी बोललो नाही ते असं: त्या स्क्रिप्टची रंगीत तालीम बुधवारी व्हायची होती. ख्रिसमसच्या सुट्ट्यांमुळे माणसं कमी होती, म्हणून ती मी रद्द केली. चेकलिस्टवर 'झाली' म्हणून टिक मी केली. स्क्रिप्टमध्ये बदल बुधवारी रात्री आला तो मीच पास केला, न वाचता. आणि मग पहाटे तीनला त्या पोराला म्हटलं, "चल, मार." पन्नास यार्डांवरून.

कॉल संपल्यावर मी थर्टी फर्स्टच्या खरेदीला गेलो. मला वाईटही वाटलं नव्हतं, ही खरी गोष्ट आहे. दोन दिवसांनी एका अनोळखी पोराला त्याच सुरात शिवी घातली तेव्हाही नाही. वाटलं ते वहीत पाच कारणं लिहून सहाव्याला पेन थांबलं तेव्हा.

मग मेल लिहिला. मॅनेजरला, क्लायंटला, कॉपीत पूर्ण टीम. बुधवारची तालीम, चेकलिस्ट, न वाचलेला बदल, सगळं तारीखवार, माझ्या नावासकट. सेंड दाबायला वीस मिनिटं लागली. फिल्मी काही झालं नाही. मॅनेजर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलला. त्या वर्षीचं माझं अप्रेझल सांगण्यासारखं नव्हतं. तो पोरगा पॅन्ट्रीत भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मेल बघितला." मी म्हटलं, "हं." त्याने माझ्यासाठी कॉफीचं बटण दाबलं. विषय संपला. ग्रुपवरचा तो मेसेजही मी डिलीट करायला गेलो, पण वेळ निघून गेली होती. मग त्याखाली लिहिलं, 'चुकीचं बोललो.' कोणी स्मायली टाकला नाही.

पुन्हा अटलांटा

जॉर्जियाने फायनलमध्ये टीसीयूला ६५-७ असं चिरडलं, त्यामुळे आमच्या जखमेवर मीठच पडलं. खरी फायनल आमचीच झाली होती, असं आम्ही अजून म्हणतो. सगळ्या हरलेल्या टीमचे फॅन असंच म्हणतात.

२०२४पासून प्लेऑफ बारा टीमचा झाला. त्या नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा वरच्या संघाकडून हरलो, घरच्या मैदानावर, १३-१०. तीन पॉइंटनी. आणि त्या मॅचमध्ये आमच्या जेडन फील्डिंगने दोन फील्ड गोल चुकवले होते, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतले. ग्रुपवर काय आलं असेल याची कल्पना तुम्हाला आता आहेच. मी गप्प होतो.

पण या वेळी प्लेऑफमध्ये जागा मिळाली, आणि एकामागून एक जिंकत आम्ही फायनलला पोचलो. नोत्र दामविरुद्ध. स्टेडियम? मर्सिडीज-बेंझ, अटलांटा. तेच.

भारतात २१ जानेवारी २०२५, मंगळवारची सकाळ. ऑफिसला 'उशिरा येतो' असा मेसेज. सोफ्यावर मी आणि बाबा, या वेळी पोहे गरम. आम्ही ३१-७ असे पुढे, आणि मग समोरचे येत येत ३१-२३. छातीत तीच जुनी धडधड. आमच्या बचावात मागे उभा होता लॅथन रॅन्सम, पाच वर्षं कॉलेजात घालवून. ज्या स्टेडियममध्ये दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय घसरला होता, तिथेच. शेवटच्या अर्ध्या मिनिटात मॅच कुलूपबंद करायला फील्ड गोल हवा होता. ३३ यार्ड. मैदानात आला फील्डिंग.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"वरच्या संघासमोर दोन चुकवले होते ना, तो."

"आणि तरी यालाच पाठवला?"

बॉल खांबांच्या मधोमध गेला. ३४-२३. चॅम्पियन. मी नाचत होतो, आई ओरडत होती की खालचे लोक वर येतील. बाबांनी पोह्यांचा घास तोंडात टाकला आणि टीव्हीकडे बघत म्हणाले, "शहाणी माणसं आहेत."